आल्बोर्नबाईंच्या घराला पाटी नव्हती

भरल्या मांडवात दागिन्याशिवाय बसलेल्या बाईला जसं वाटतं, तसं आल्मुट आल्बोर्न यांना रस्त्यावरून आपल्या घराकडे बघताना वाटायचं. जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या जुन्या तटाच्या आतली ती गल्ली. डावीकडच्या घराला तिथं राहून गेलेल्या मोठ्या माणसाची संगमरवरी पाटी. समोरच्या घराला तर पाट्यांची उतरंडच: वर गणिती, खाली खगोलवाला, त्याच्याखाली एक कवी, तोही तिथं नुसता सर्दी होऊन पंधरा दिवस पडलेला. उजवीकडे हिलेब्रेष्टबाईंच्या दारावर दोन. पाटीवर फार काही नसतं. नाव, पेशा, राहिल्याची सालं. पण तेवढ्यासाठी बाहेरगावची माणसं थांबतात, माना वर करतात, फोटो काढतात, आणि आल्बोर्नबाईंच्या घराशी आली की मान खाली घालून मोबाईल बघत पुढे जातात.

"आमच्याकडे कुणी राहिलंच नाही असं थोडंच आहे?" बाई म्हणायच्या. "राहिले ते अजून जिवंत आहेत, एवढीच अडचण."

कारण माणूस गेल्याशिवाय पाटी लागत नाही.

हे दुखणं त्यांना सासूकडून आलं होतं, घरातल्या जुन्या कपाटासारखं. सासूबाई नव्यानं लग्न होऊन आल्या होत्या तेव्हा एक बारीकसा गणिती खोली बघायला आला होता. खोली आवडली, खिडकी आवडली, भाडंही आवडलं. तेवढ्यात शेगडीनं धूर ओकला. गणिती खोकत खाली उतरला तो थेट शेजारी, हिलेब्रेष्टांकडे. तिथं राहिला, तिथं मोठा झाला, आणि एकोणीसशे तेहेतीस साली एक पेटी घेऊन देश सोडून गेला, कारण तो ज्यू होता. त्या दिवशी गल्लीत सगळे खिडकीच्या पडद्याआड उभे होते, सासूबाईही. पुढे त्याला हाकलणाऱ्या गावानंच त्याची पाटी लावली. सासूबाई मरेपर्यंत त्या पाटीविषयी बोलल्या ते शेगडीबद्दल. पडद्याबद्दल त्यांनी तोंड उघडलं नाही, आणि आल्बोर्नबाईंनीही कधी विचारलं नाही.

तर सून झाल्यावर आल्बोर्नबाईंनी पहिलं काम केलं ते शेगडी काढून टाकली. दुसरं, भाडेकरू पारखायला सुरुवात केली.

पारख त्यांची स्वतःची होती. मोठा माणूस विसरभोळा असतो, हे गल्लीतल्या सगळ्या गोष्टींवरून त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून खोली बघायला आलेल्या पोराला त्या कॉफी द्यायच्या, आणि साखरेच्या भांड्याशेजारी मिठाचं भांडं तसलंच ठेवायच्या. ज्यानं बघून साखर घेतली, त्याला खोली नाही. ज्यानं मीठ घालून बोलता बोलता कप रिकामा केला, त्याला किल्ली.

त्यांचे यजमान डीटहेल्म बस चालवायचे. विज्ञानाशी त्यांचा संबंध एवढाच, की विज्ञान रोज सकाळी त्यांच्या बसमधून विद्यापीठात जायचं.

"आल्मुट," ते म्हणायचे, "एकदा साधा माणूस ठेव ना. नळ बंद करणारा."

"नळ बंद करणाऱ्यांच्या पाट्या लागत नाहीत."

"छत गळायचं तरी थांबेल."

असे त्यांच्या माळ्यावरच्या खोलीत एकामागून एक विसरभोळे राहून गेले. कुणी दुधाचं पातेलं जाळलं, कुणी सायकल घेऊन जाऊन चालत परत आला. त्यातल्या प्रत्येकाला डॉक्टरेट मिळाली, की बाई कपडे न्यायची हातगाडी फुलांनी सजवायच्या, त्यात त्या पोराला बसवायच्या आणि मित्रमंडळी ती ओढत बाजारचौकात न्यायची. तिथं कारंज्यावर बदकवाली लीझल उभी आहे, ब्राँझची पोर. नव्या डॉक्टरनं वर चढून तिचा मुका घ्यायचा, फुलं द्यायची, असा गावचा रिवाज. बाई खाली उभ्या राहून बघायच्या आणि मनात म्हणायच्या, हाच असेल. तो नसायचा. तो विमा कंपनीत जायचा.

फोल्कर्ट हाब्बेन आला तो या परीक्षेत जवळजवळ नापासच झाला. तो उत्तरेकडचा, समुद्राकाठचा, ईस्ट फ्रिझलंडचा. तिकडची माणसं कॉफीला हात लावत नाहीत. त्यानं मिठाकडेही बघितलं नाही, साखरेकडेही नाही. खिशातून खडीसाखरेचा खडा काढून चहा मागितला. बाई नकार देणारच होत्या. पण तो गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की दाराशी त्याचे बूट तसेच आहेत आणि डीटहेल्मचे गेलेत. त्यांनी खिडकीतून ओरडून त्याला परत बोलावलं आणि खोली दिली.

वास्तविक तो आधी वर्षभर शेजारी, हिलेब्रेष्टबाईंकडे राहिलेला होता. तिथं त्यांचा दीर राहायला आला म्हणून खोली सोडावी लागली.

"चांगला मुलगा आहे," हिलेब्रेष्टबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या. "तुम्हाला देऊन टाकते."

हा त्यांचा स्वभाव. गेझिने हिलेब्रेष्ट कुणाचं काही घ्यायच्या नाहीत, फक्त द्यायच्या. उरलेला केक, जुना पडदा, भाडेकरू. आणि देताना असं द्यायच्या, की घेणाऱ्याच्या हातात वस्तू कमी आणि ओझं जास्त यायचं. चाळीसहून जास्त वर्षं शेजार; दोघी अजून एकमेकींना आडनावानं, अहो-जाहोच करत.

गणितातलं सगळं त्यांच्याच घरात घडलं असा त्यांचा सूर असायचा. जगातली पहिली तारायंत्राची तार या गावात छपरांवरून नेली, हे शाळेतलं पोरही सांगतं. हिलेब्रेष्टबाई सांगायच्या, की ती त्यांच्या छपरावरून गेली.

"मग आमच्या छपरावरूनही गेली असणार," आल्बोर्नबाई म्हणायच्या. "तुमच्या छपरापर्यंत ती काय उडत आली?"

"तुमचं छप्पर तेव्हा एवढं उंच नव्हतं हो."

फोल्कर्ट सात वर्षं माळ्यावर राहिला. ओला चिखल वाळताना भेगा कशा पडतात, एवढाच त्याचा अभ्यास. डॉक्टरेट झाली तेव्हा लाजून त्यानं लीझलचा मुका घ्यायच्या ऐवजी तिच्याशी हस्तांदोलन केलं. मग बदली, दुसरी गावं, दुसरे देश. वर्षातून एकदा बाईंना खडीसाखरेचं पाकीट यायचं, बरोबर काहीच लिहिलेलं नसायचं.

आणि आता, डीटहेल्म जाऊन बरीच वर्षं झाल्यावर, बाई अठ्ठ्याहत्तरीच्या झाल्यावर, सकाळच्या रेडिओवर बातमी: भेगांच्या गणितासाठी हाब्बेन यांना फार मोठं पदक. पूल असो, बर्फ असो, हाड असो, कुठलीही वस्तू कुठं तडकणार हे आता त्याच्या हिशेबानं सांगता येतं म्हणे.

बाईंनी रेडिओ बंद केला, अंगात चांगला कोट घातला आणि नगरपालिकेत गेल्या. पाट्यांच्या समितीवरच्या बाई तरुण होत्या.

"पण ते जिवंत आहेत," त्या म्हणाल्या.

"ते मला माहीत आहे. पुढचं विचारतेय. वेळ येईल तेव्हा."

"आता नवा नियम आहे. एका माणसाची एकच पाटी. ते दोन घरांत राहिले असतील तर जिथं मूळ कल्पना सुचली, त्या घराला."

"आणि ते कोण सांगणार?"

"तेच सांगतील. पुढच्या महिन्यात त्यांचं भाषण आहे, जुन्या टाउनहॉलमध्ये. मी विचारीन."

तो महिना बाईंनी खिडक्या पुसण्यात घालवला. भाषणाच्या दिवशी दुपारी फोल्कर्ट आला. केस पिकलेले, पोट नाही, सायकल हातात. स्टेशनवरून भाड्यानं घेतली म्हणे. बाईंनी आलुबुखाऱ्याचा केक केला होता आणि त्याच्यासाठी मुद्दाम चहा.

"तब्येत कशी आहे?" बाईंनी विचारलं.

"उत्तम."

"उत्तम म्हणजे? रक्तदाब वगैरे?"

"काही नाही. वडील माझे नव्वदीचे आहेत. अजून होडी घेऊन जातात."

"वा," बाई म्हणाल्या, आणि केकवर सुरी जरा जोरातच चालली.

चहा संपला की कपात चमचा उभा करायचा, नाहीतर यजमानीण ओततच राहते, हा त्याच्याच गावचा रिवाज. त्याला चमच्याचा विसर पडला होता. बाई ओतत राहिल्या, तो पीत राहिला. चौथ्या कपाशी त्यांनी विषय काढला.

"आज तुम्हाला विचारणार आहेत. कुठं सुचलं म्हणून."

फोल्कर्टचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला.

"माळ्यावर लिहून काढलं," तो म्हणाला. "सगळं तिथंच लिहिलं."

"लिहिलं कुठं ते नाही विचारणार. सुचलं कुठं?"

त्यानं खिडकीबाहेर बघितलं. मग कपात बघितलं.

"बाई, तुम्ही दुपारी एक ते तीन झोपायचात."

"अजूनही झोपते. आज तुमच्यासाठी जागी आहे."

"तेव्हा दारावरची घंटा तुम्ही बंद करून ठेवायचात. एकदा मी सपाता घालून कचरा टाकायला खाली उतरलो आणि दार मागं बंद झालं. किल्ली वर."

"मग ठोठावायचं."

"विश्रांतीच्या वेळात?" एवढ्या वर्षांनंतरही त्याच्या आवाजात भीती होती. "मी?"

बाईंना त्यातलं सगळं समजलं. त्या वेळात दार वाजवणारा माणूस त्यांनी संध्याकाळपर्यंत घरात ठेवला नसता.

"मग पायरीवर बसलो. पाऊस आला. हिलेब्रेष्टबाईंनी खिडकीतून खूण केली. बोलल्या नाहीत; त्यांचे यजमान स्वयंपाकघरातल्या बाकावर झोपले होते. मला एक खुर्ची दाखवली, तोंडावर बोट ठेवलं, आणि स्वतः आत झोपायला गेल्या."

"बरं."

"कागद नाही, पेन्सिल नाही. हललो की खुर्ची करकरायची. समोर फडताळात एक जुना दुधाचा जग होता. त्याच्या झिलईवर बारीक बारीक तडे गेलेले, कोळ्याच्या जाळ्यासारखे. दुसरं बघायलाच काही नव्हतं हो. तीन वाजेपर्यंत मी तो जग बघत बसलो." त्यानं खांदे उडवले. "मग आलं लक्षात."

"तडे गेलेली भांडी ठेवतात त्या," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे भांड्याला तडा दिसला, की त्याच दिवशी बाहेर."

"तेच ना," फोल्कर्ट अगदी मनापासून म्हणाला. "सात वर्षांत तुमच्याकडे बघायला काही मिळालंच नाही."

बाईंनी टेबलावरचे केकचे कण बोटानं गोळा केले. सासूबाईंनी एकाला धुरानं घालवलं. आपण दुसऱ्याला दार लावून घालवलं. आणि दोघेही त्या एकाच घरात.

"पण मी माळ्यावर सुचलं असं सांगेन," फोल्कर्ट म्हणाला. "काय बिघडलं? तो दुधाचा जग तर कुणाला आठवतही नाही. मी तुमच्याकडे बघेन. तुम्ही नुसती मान हलवा."

"तुम्हाला खोटं बोलता येतं?"

"कधी बोललो नाही. पण एकाच वाक्याचं तर आहे."

बाईंनी त्याच्या कपात स्वतःच चमचा उभा केला आणि त्याला टाउनहॉलकडे पिटाळलं.

हॉल भरलेला होता. रंगवलेल्या भिंती, वर झुंबरं, खाली अख्खं गाव. आल्बोर्नबाई हिरवा कोट घालून दुसऱ्या रांगेत बसल्या, आणि त्यांच्या शेजारी, अर्थातच, हिलेब्रेष्टबाई. त्यांनी आल्याआल्या पिशवीतून खोकल्याची गोळी काढून यांच्या हातात ठेवली.

"घ्या. तुम्हाला लागेल."

"मला खोकला नाही."

"येईल. इथं वारा लागतो."

फोल्कर्ट भेगांबद्दल बोलला. पहिली रांग समजल्यासारखी बसली, बाकीच्या रांगा पहिल्या रांगेकडे बघून बसल्या. मग टाळ्या झाल्या आणि समितीच्या तरुण बाई उठल्या.

"एक गावातला प्रश्न. ही कल्पना तुम्हाला नेमकी कुठं सुचली? कुठल्या घरात?"

फोल्कर्टनं आल्बोर्नबाईंकडे बघितलं. डोळे मोठे करून, शाळेतल्या पोरासारखं. बाईंची मान खाली-वर होण्याच्या बेतात आली. एवढी एकदा मान हलवायची, की आपण गेल्यावर का होईना, पण भिंतीवर पाटी. रस्त्यावरची माणसं थांबणार, वर बघणार.

तेवढ्यात हिलेब्रेष्टबाई कानाशी वाकल्या.

"तुमच्याकडेच सुचलं असणार हो. माळ्यावर रात्रंदिवस चालायचा, मला ऐकू यायचं."

आल्बोर्नबाईंनी हातातली खोकल्याची गोळी मुठीत आवळली.

"आणि माझं म्हणाल, तर मला दोन आहेत. घ्या तुम्ही. तुमची भिंत बिचारी इतकी वर्षं उघडीच आहे."

आल्बोर्नबाईंची हलायला निघालेली मान जागच्या जागी थांबली. उरलेला केक त्यांनी घेतला होता. पडदा घेतला होता. भाडेकरूही घेतला होता. पण पाटी, आणि तीही 'बिचारी' या शब्दाबरोबर?

त्या उठल्या. हॉलमधली अर्धी डोकी त्यांच्याकडे वळली.

"ह्यांच्या स्वयंपाकघरात," त्या शेजारच्या खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या. "मी दार लावून झोपले होते. बाहेर पाऊस होता. ह्यांनी त्याला आत घेतलं. ह्यांच्या तडे गेलेल्या दुधाच्या जगाकडे बघून त्याला सुचलं."

आणि खाली बसल्या.

आधी कुणीतरी मागे हसलं, मग सगळा हॉल हसला. फोल्कर्ट व्यासपीठावर एवढा सुटल्यासारखा दिसला, की त्याला एका वाक्याचंही खोटं जमलं नसतं हे उघड झालं.

"बरोबर," तो म्हणाला. "अगदी तसंच."

"माझ्याकडे?" हिलेब्रेष्टबाई म्हणाल्या. त्यांना त्यातलं काही आठवत नव्हतं. "माझ्या स्वयंपाकघरात?"

समितीच्या बाई खूश झाल्या. "काय छान. आणि हिलेब्रेष्टबाईंनी तुम्हाला काय दिलं तेव्हा? कॉफी?"

फोल्कर्ट शास्त्रज्ञ होता. तो प्रामाणिकपणे विचार करत उभा राहिला. तो इतका वेळ विचार करत राहिला, की हिलेब्रेष्टबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"खुर्ची," तो शेवटी म्हणाला.

"आणि?"

"आणि तीन वाजता म्हणाल्या, आता जा."

या वेळी हसण्यात झुंबरंही हलली असतील.

दोघी बरोबरच घरी निघाल्या. कारंज्याजवळ कुणा नव्या डॉक्टरची फुलं अजून लीझलच्या हातात होती. पुढच्या वळणावर हिलेब्रेष्टबाईंना राहवलं नाही.

"मी कॉफी दिली असणार."

"त्याला आठवत नाही."

"त्याला काय आठवतं? तुमच्या यजमानांचे बूट घालून गेला होता तो."

"बूट पायात असतात. कॉफी पोटात असते. पोटाला आठवतं."

"निदान बिस्कीट तरी. आल्बोर्नबाई, मी कुणाला कधी कोरडं पाठवलेलं नाही. तुम्हाला तर माहीत आहे, मी काय काय दिलंय."

"मला माहीत आहे," आल्बोर्नबाई म्हणाल्या. "पण हॉलमध्ये मी एकटी नव्हते."

हिलेब्रेष्टबाई थांबल्या. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"हे पाटीवर लिहीत नाहीत ना?"

"नाव, पेशा, सालं."

"मग बरं."

"पण लोक थांबतात तेव्हा आजूबाजूला विचारतात," आल्बोर्नबाई म्हणाल्या. "आणि शेजारी मीच आहे."

दोघींची दारं आली. हिलेब्रेष्टबाईंनी किल्ली लावली आणि मान वर करून दारावरच्या दोन पाट्यांकडे बघितलं; त्यांच्या खालच्या मोकळ्या जागेकडे बघितलं.

"तो किती वर्षांचा आहे?" त्यांनी विचारलं.

"साठीचा. वडील नव्वदीचे, होडी चालवतात."

"बरंय की," हिलेब्रेष्टबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा उजळला. "जगू दे बिचारा. भरपूर जगू दे."

"तेच म्हणते मी," आल्बोर्नबाई म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बाजारातून सायकलवर घालायचं शिरस्त्राण घेतलं, दुकानातलं सगळ्यात जाड, आणि फोल्कर्ट गाडीत बसायच्या आत स्टेशनवर जाऊन स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर चढवून पट्टा आवळला. तो नको नको म्हणत होता. डब्यातली माणसं बघत होती. बाईंनी ऐकलं नाही.